वर्षावासातलं भोजनदान, निंदणाचे दिवस आणि माझे सासरे. काय करावं, सांगा

कपाशीकाठची

सगळ्यांना जय भीम, नमो बुद्धाय.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावातली. आमच्या वस्तीत बौद्धांची ४७ घरं आणि एक विहार. यंदा पहिल्यांदाच एक भंतेजी पूर्ण वर्षावासासाठी आमच्याकडे थांबले आहेत. आषाढ पौर्णिमेला अधिष्ठान झालं, आता आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने ते विहारातच राहतील. याआधी कुणाच्या घरी पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं कार्यक्रम, असलं की तालुक्याहून भंतेजी यायचे. परित्राण पाठ, भोजन, दान, की लगेच परत. रोज भोजनदान करायचं म्हणजे काय असतं, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

महिला मंडळानं पाळी लावली, रोज एक घर. मंडळाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे सगळ्यांचं बोलणं मलाच ऐकावं लागतं.

पहिल्या घरानं वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी केली. दुसऱ्या घरी खीर वाढली. चौथ्या घरी पुरी, पनीर, गुलाबजाम. आठव्या दिवशी जिची पाळी होती ती आदल्या रात्री माझ्या दारात आली. बचत गटातून ५०० रुपये मिळतील का म्हणून. खर्च कशाचा, तर भंतेजींच्या जेवणाचा. आणि भंतेजी एकटेच, दोन पोळ्या आणि मूठभर भात एवढंच त्यांचं जेवण. पण आधीच्या घरापेक्षा आपलं ताट कमी दिसलं तर गावात नाव निघेल, ही भीती. ही भीती आम्हीच तयार केली आणि आता ती मोडता येत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. भंतेजी बाराच्या आत जेवतात, नंतर काही घेत नाहीत. आणि आमच्याकडे निंदण जोरात आहे. बाया आठ वाजता डबा बांधून निघतात. साडेदहाला गरम जेवण विहारात पोचवायचं तर त्या बाईचा रोज बुडतो. २५० रुपये. कुणी बोलत नाही, पण मला तोंडावर दिसतं.

तिसरी गोष्ट सांगताना मलाच वाईट वाटतं. वहीत पाळ्या लिहिताना आम्ही एका मावशीचं घर सोडलं. मावशी एकटीच राहते, निराधारच्या पगारावर. तिला कशाला त्रास, एवढंच मनात होतं. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळच्या वंदनेला यायची बंद झाली. तिसऱ्या दिवशी मी गेले. चुलीपुढे बसून भाकर थापत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "माह्या हातची भाकर भंतेले चालत नाही का वं?"

मला तिथे बसताही येईना.

मी भंतेजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाळी बंद करा. मी सकाळी पात्र घेऊन वस्तीतून चारिका करतो, म्हणजे भिक्षेसाठी घरोघर येतो. ज्याच्या घरी जे शिजलं असेल त्यातलं घासभर द्यावं. नसेल तर देऊ नये. मंडळातल्या बायांना हे एकदम पटलं. मला तर डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं झालं.

रात्री घरी सांगितलं आणि सासरे ताटावरून उठले.

त्यांचे वडील गावकीचं काम करायचे. मयतीचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, आणि संध्याकाळी टोपलं घेऊन घरोघर भाकर मागायची. सासरे लहानपणी बापासोबत जायचे. ओट्याखाली उभं राहून आवाज द्यायचा, वरून भाकर पडायची ती टोपल्यात झेलायची. कुणाची सकाळची, कुणाची कालची. कुणी त्यावरच वरण ओतायचं. सगळं एकात एक. चुकून भाकर खाली पडली तर मातीतून उचलून फुंकर मारून टोपल्यात टाकायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांचे वडील नागपूरला धम्मदीक्षेला होते. परत आले आणि दुसऱ्या दिवशी टोपलं चुलीत घातलं. सासरे तेव्हा दहा वर्षांचे. टोपलं जळताना कसा आवाज येत होता, ते अजून सांगतात.

त्या रात्री मला म्हणाले, "माह्या बापानं टोपलं जाळलं. तुम्ही आता तेच भंतेच्या हाती देऊन राहिले?"

त्यांच्यापुढे मी काय बोलणार? त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आणि मावशीचं घर सोडलं हेही बरोबर म्हणवत नाही. ज्यांच्या गावात चारिका होते, ज्यांना विनयाची, म्हणजे भिक्खूंच्या नियमांची, माहिती आहे, त्यांनी सांगावं. चारिका आणि ते मागणं यात फरक आहे, असं माझं मन सांगतं, पण शब्दात मांडता येत नाही. आणि सकाळी सहा-साडेसहाला दान दिलेलं चालतं का?

पवनीचे गुरुजी

ताई, जय भीम. मी निवृत्त शिक्षक, भंडारा जिल्ह्यातला. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

आधी तुमच्या सासऱ्यांबद्दल. त्यांना पाली गाथा सांगून पटवायला जाऊ नका. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे, शिळे तुकडे सोडा म्हणून सांगितलं. ते सोडताना आपल्या माणसांनी मार खाल्ला, उपास काढले. ज्यानं ते टोपलं जळताना पाहिलं, त्याला दारात पात्र घेऊन उभा राहिलेला माणूस पाहून ते आठवणारच. त्यांचा राग हा आपल्या धम्माच्या विरोधातला नाही, तो आपल्या दीक्षेतूनच आलेला आहे.

आता फरक. गावकीत आवाज द्यावा लागायचा. भिक्खू पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला, निघतो तेव्हा तो मागतच नाही. दारासमोर शांत थांबतो, नजर खाली. कुणी दिलं तर घेतो, नाही दिलं तर पुढे जातो. आजारी नसताना स्वतःसाठी तूप, दूध, मासे, मटण असं चांगलंचुंगलं मागून खाणं हा विनयात दोष आहे, पाचित्तिय नावाच्या दोषांत मोडतो. म्हणजे मागून घ्यायला त्याला मनाईच आहे. गावकीत भाकर वरून खाली पडायची. इथे देणारा पायातली चप्पल काढतो, दोन्ही हातांनी देतो, आणि दिल्यावर वंदन करतो. घेणारा वंदन करत नाही. हे उलटं नातं तुमच्या सासऱ्यांनी नीट डोळ्यांनी पाहायला हवं. सांगून ते समजायचं नाही.

हा प्रश्न नवाही नाही. बोधी मिळाल्यावर भगवान बुद्ध कपिलवस्तूला आले आणि दुसऱ्या दिवशी पात्र घेऊन घरोघर निघाले. वडील शुद्धोदन धावत आले. आपल्या क्षत्रिय कुळात कुणी कधी भिक्षा मागितली नाही, आम्हाला लाज का आणतोस, म्हणाले. भगवानांनी सांगितलं, ते तुमचं राजकुळ, माझं कुळ बुद्धांचं आहे आणि त्यात हीच रीत आहे. शुद्धोदनाला मानाची चिंता होती. तुमच्या सासऱ्यांचं दुःख त्याहून खोल आहे, म्हणून ही गोष्ट त्यांना सांगून भागेल असं मी म्हणत नाही. पण बापाच्या काळजाला हे लागतं, एवढं त्यात आहे.

वेळेचं विचारलंत. अरुणोदयापासून मध्यान्हापर्यंत भोजनाचा काळ. हाताच्या रेषा उजेडात दिसू लागल्या की चालतं. साडेसहा अगदी योग्य. एक बारीक गोष्ट सांगतो. मध्यान्ह म्हणजे सूर्य माथ्यावर येणं. आपल्या भागात जुलैत तो घड्याळाच्या बारानंतर वीसेक मिनिटांनी येतो, तरी आपल्याकडचे बहुतेक भंतेजी घड्याळाचे बाराच पाळतात. तेच धरून चला, भांडण नको.

आणखी काही नियम वहीत लिहून ठेवा. भिक्खू स्वतः शिजवत नाही. आजचं उद्यासाठी ठेवत नाही. अन्न हाताच्या अंतरात येऊन हातात किंवा पात्रात दिलं पाहिजे, पुढे ठेवून निघून गेलात तर ते दिलं असं होत नाही. पात्रात काठापर्यंतच घ्यायचं, शीग लावायची नाही. म्हणून ४७ घरं एका दिवशी नकोत. बिया असलेलं फळ देताना त्याला सुरीनं किंवा नखानं खूण करून "कप्पियं भन्ते" म्हणतात, म्हणजे हे आता तुम्हाला चालतं, भन्ते. मटणाबद्दल कुणी विचारेलच. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली तर भिक्खू ते घेत नाही. तुमच्या भंतेजींना विचारून घ्या, बरेच जण शाकाहारीच असतात.

मावशीचं घर मात्र सोडू नका. भगवानांचे शिष्य महाकस्सप, त्यांच्याबद्दल थेरगाथेत, म्हणजे थोर भिक्खूंच्या गाथांत, आहे. ते एका कुष्ठरोग्याजवळ भिक्षेसाठी थांबले. तो पात्रात घास टाकत असताना त्याचं बोटच गळून आत पडलं. महाकस्सपांनी ते अन्न भिंतीच्या आडोशाला बसून खाल्लं, आणि खाताना किंवा खाल्ल्यावर मनात किळस आली नाही, असं ते स्वतः सांगतात. ज्या संघाचा इतका मोठा थेर असं जेवला, त्या संघाला तुमच्या मावशीची भाकर चालत नाही असं कुठे लिहिलंय?

आमच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं, मोठा स्तूप निघाला. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मीत लेख आहेत, दान देणाऱ्यांची नावं आहेत. मी शाळेची मुलं घेऊन जायचो तेव्हा ते दगड दाखवायचो. दोन हजार वर्षांपूर्वी याच मातीतल्या माणसांनी दान दिलं आणि नाव कोरून घेतलं. तुमची वहीही त्यातलीच, ताई. तिच्यात मावशीचं नाव असू द्या.

दहा दिवसांचा श्रामणेर

मी वर्धा जिल्ह्यातला, शेती करतो. दोन वर्षांपूर्वी श्रामणेर शिबिरात दहा दिवस चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घातलं होतं. विद्वान नाही, पण पात्र हातात धरलं आहे, तेवढंच सांगतो.

पहिल्या सकाळी आम्ही अकरा जण ओळीनं निघालो, अनवाणी. आमच्या भंतेजींनी सांगितलं होतं, नजर पुढच्या चार हातांवर ठेवायची, तोंडाकडे पाहायचं नाही. त्यामुळे मला त्या दिवशी माणसं दिसलीच नाहीत, फक्त पाय दिसले. भेगा पडलेल्या टाचा. जोडवी. चिखलानं भरलेली पॅन्ट वर दुमडलेली. एका लहान पोराचे पाय, एका पायात चप्पल आणि एक रिकामा. मग पात्राच्या तोंडाशी हात यायचा. एका हाताच्या बोटांच्या पेरांत ज्वारीचं पीठ तसंच वाळलेलं होतं, म्हणजे बाई भाकर करता करता उठून आली होती. ती कोण, कुठल्या जातीची, घर माडीचं की कुडाचं, मला माहीत नाही. आजही नाही.

त्या गावात एक घर असं होतं, जिथे कुणी बाहेर आलं नाही. आम्ही थांबलो. आत भांड्याचा आवाज येत होता. मग समोरचे भंतेजी हलले तसे आम्ही हललो. त्या थांबण्यात मला घाम फुटला होता. मी गावच्या पाटलाच्या वावरात मजुरी केलेला माणूस, मला वाटलं आपला अपमान झाला. संध्याकाळी भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, तू काही मागितलं होतं का? मागितलं नव्हतं. मग नाकारलं काय?

ताई, तुमच्या सासऱ्यांना सांगायचंच असेल तर एवढंच सांगा.

जेवायच्या आधी आम्ही रोज म्हणायचो, "पटिसङ्खा योनिसो पिण्डपातं पटिसेवामि, नेव दवाय न मदाय". हे अन्न मी खेळासाठी खात नाही, मस्तीसाठी खात नाही, अंग शोभावं म्हणून नाही. हे शरीर टिकावं, भुकेची पीडा शमावी म्हणून. पात्रात अंबाडीची भाजी, वरण, कुणीतरी टाकलेली जिलेबी, सगळं एक झालेलं. पहिल्या दिवशी घास गिळवला नाही. चौथ्या दिवसापासून चव शोधणंच थांबलं. पनीर आणि गुलाबजाम करणाऱ्या बायांना कळू द्या की ज्याच्यासाठी ते करता, तो चव शोधायचं सोडायला बसलेला आहे.

दुपारनंतर पोटात खड्डा पडायचा. संध्याकाळी गुळाचं पाणी मिळायचं, ते चालतं. तुमच्या विहारात संध्याकाळी एक तांब्या गुळाचं पाणी कुणीतरी पोचवत जा. हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मोर्शीची सून

कपाशीकाठची ताई, आमच्या गावात तीन वर्षं झाली चारिका सुरू आहे. तुमची पहिल्या आठवड्याची गोष्ट अगदी आमचीच. आमच्याकडे तर श्रीखंडापर्यंत गेलं होतं.

आधी रोज बुडवणं बंद करा. याला माझा फार विरोध आहे. धम्मपदाच्या २०३ व्या गाथेची कथा आहे. आळवी नगरात भगवान गेले. सगळे जमले, जेवण झालं, आता देसना व्हायची. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो रानभर हिंडून बैल सापडवून, बांधून, उपाशीपोटी धावत आला. भगवान त्याच्यासाठी थांबून राहिले होते. तो आला तर पहिलं काय विचारलं? उरलेलं अन्न आहे का. त्याला आधी जेवू घातलं, मग धम्म सांगितला. भिक्खू कुजबुजले तेव्हा म्हणाले, "जिघच्छापरमा रोगा", भूक हा सगळ्यात मोठा रोग. ज्यांनी शेतकऱ्याच्या जेवणासाठी देसना थांबवली, त्यांच्या संघाला जेवू घालायला आपल्या मजूर बाईनं हाजरी पाडायची?

आता व्यवस्था. वस्तीच्या ओळी पाडा. आमच्या चार आहेत, रोज एक ओळ. साडेसहाला विहारातून घंटा होते. तोवर प्रत्येकीची भाकर तव्यावर असतेच, डबा बांधायचाच असतो. डब्यातलीच अर्धी भाकर आणि चमचाभर भाजी. वेगळं काही शिजवायचं नाही, हा नियम आम्ही विहाराच्या भिंतीवर लिहिला. ज्या घरी सुतक, आजार, भांडण असेल त्यांनी दार ओढून घ्यायचं, कुणी विचारणार नाही.

एकात एक कालवण्याचं तुमच्या सासऱ्यांना जे लागलं, त्यावर उपाय आहे. भंतेजींसोबत एक उपासक स्टीलची दोन डब्यांची कडी घेऊन चालतो. वरण आणि पातळ भाजी त्यात, पात्रात फक्त भाकर-पोळी-भात. विहारात आल्यावर तो उपासक ते हातानं भंतेजींना देतो. आमच्याकडे सोय म्हणूनच केलं होतं, पण म्हाताऱ्या माणसांना बरं वाटलं.

आणि सकाळची पेज विसरू नका. विशाखा उपासिकेनं भगवानांकडे आठ वर मागितले होते. त्यात पावसाळ्यातलं वस्त्र होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्खूंचं जेवण होतं, आजाऱ्याचं जेवण होतं, आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचंही होतं. आणि एक वर रोज यागू देण्याचा. यागू म्हणजे पातळ पेज. ज्या दिवशी मुसळधार पाऊस असतो आणि चारिका होत नाही, त्या दिवशी आम्ही तांदळाची पेज आणि मिरचीचा ठेचा विहारातच नेऊन देतो. विशाखा श्रीमंत होती तरी पेज द्यायची. हे आमच्या श्रीखंडवाल्या जावेला मी सांगितलं, ती हसली आणि तिनं बंद केलं.

चिमूरचा

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, राग मानू नये. गाव तीन महिने जेवू घालणार, तर भंतेजी गावाला काय देणार हेही विचारायला पाहिजे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले, त्यातला शेवटचा भिक्खूबद्दल आहे. केवळ परिपूर्ण माणूस म्हणून स्वतःपुरता जगणारा भिक्खू धम्मप्रसाराच्या कामाचा नाही, समाजसेवक झाला तर तो बौद्ध धम्माची आशा ठरेल, असं त्यांनी लिहिलं आहे. आमच्या गावात एका वर्षी भंतेजी राहिले, जेवले, पाकिटं घेतली, गेले. पोरांना पंचशीलाचा अर्थही आला नाही. त्या वर्षीपासून आमची वस्ती वर्षावासाचं नावच काढत नाही. तसं तुमच्याकडे होऊ नये.

सुत्तनिपातात कसिभारद्वाजाची गोष्ट आहे. पेरणीच्या दिवशी तो शेतकरी ब्राह्मण भगवानांना म्हणाला, मी नांगरतो, पेरतो, मग खातो, तुम्हीही नांगरा, पेरा आणि खा. भगवान म्हणाले, मीही नांगरतो. श्रद्धा हे बी, तप हा पाऊस, प्रज्ञा हे माझं जू आणि नांगर. त्यानं खूश होऊन खीर वाढली, तर ती घेतली नाही. गाथा म्हणून मिळवलेलं मी खात नाही, म्हणाले. म्हणून पाकीट नको, हेही वहीत लिहा. पण नांगर दिसला पाहिजे, एवढंच माझं मागणं.

कपाशीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहिते आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

चिमूरच्या दादांना आधी. तुमच्या वस्तीत जे झालं ते वाचून वाईट वाटलं. आमचे भंतेजी रोज संध्याकाळी पाच ते सात पोरांना घेऊन बसतात. आधी वंदना, मग पाढे आणि इंग्रजी. दोन घरची दारू त्यांच्यासमोर बंद झाली आहे, टिकेल का ते आत्ताच सांगत नाही. पाकीट पहिल्याच दिवशी परत केलं.

ओळी पाडल्या, तीन. वेगळं शिजवायचं नाही हे भिंतीवर लिहिलं. कडी घेऊन माझा पुतण्या चालतो. गुळाच्या पाण्याचं खरंच कुणाच्या लक्षात नव्हतं, त्या दादांचे वेगळे आभार.

सासऱ्यांशी मी वाद घातला नाही. फक्त एवढं म्हटलं, बाबा, भंतेजी आवाज देणार नाहीत. ते म्हणाले, "माह्या दारापुढे थांबू नका देऊ." मी भंतेजींना तसं सांगितलं. ते बरं म्हणाले.

पहिल्या दिवशी मावशीची ओळ होती. ती पहाटेपासून दारात. लुगडं धुतलेलं, शेणसडा टाकलेला, भाकर फडक्यात बांधलेली. भंतेजी समोर येऊन थांबले. तिनं फडकं सोडलं, भाकरीवर अंबाडीची भाजी ठेवली, दोन्ही हातांनी उचलली. हात थरथरत होते. भंतेजींनी पात्र खाली केलं, अगदी तिच्या कमरेपर्यंत, आणि तसेच थांबून राहिले. भाकर पात्राच्या काठाला लागून मोडली. अर्धी आत गेली, अर्धी खाली सड्यावर पडली.

मावशीनं तोंडावर पदर घेतला. ओळीतली एकही बाई हलेना. मला वाटलं, आता ही पुन्हा घराबाहेर पडायची नाही.

भंतेजी वाकले. पात्र एका हाताच्या कवेत धरून खाली बसले, पडलेली अर्धी भाकर स्वतः उचलली, खालची माती बोटानं झाडली आणि पात्रात ठेवली. मग उठून पुढे गेले. काही बोलले नाहीत, बोलत नाहीतच त्या वेळी. नंतर विहारात मी विचारलं तर म्हणाले, देताना पडलेलं भिक्खूनं स्वतः उचलून खावं, अशी भगवानांची अनुज्ञा विनयात आहे. देणाऱ्यानं ते सोडलेलं असतं, म्हणून ते दिलेलंच धरतात.

सासरे त्या वेळी कोपऱ्यावरच्या लिंबाखाली उभे होते. मला ते नंतर कळलं. दिवसभर काही बोलले नाहीत. रात्री मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तेव्हा विचारलं, "त्यानं उचलली ना ते भाकर?"

"हो बाबा."

"खाल्ली?"

"खाल्ली. पुतण्यानं पाह्यलं."

मग बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मी निघून आले.

आमच्या दारापुढे भंतेजी अजून थांबत नाहीत. सासऱ्यांनी ते बदललेलं नाही आणि मीही म्हणणार नाही. पण चौथ्या दिवसापासून ते सकाळी अंघोळ करून चुलीजवळ येऊन बसतात. मी डबा भरते. एक भाकर, थोडं वरण वेगळ्या वाटीत, कालवायचं नाही. तो डबा ते स्वतः घेऊन विहारात जातात आणि भंतेजींच्या हातात देतात. काल पाऊस होता, गुडघ्याएवढा चिखल, तरी गेले. परत येताना मावशीच्या घरावरून आले आणि म्हणाले, तिच्या चुलीवरचं टिन गळून राह्यलं, रविवारी नवीन टाकून देऊ.

गुरुजी, वहीत मावशीचं नाव तिसऱ्या ओळीत पहिलं लिहिलं आहे. आश्विन पौर्णिमेनंतर कठीण चीवरदान, म्हणजे वर्षावास संपल्यावर द्यायचं चीवराचं दान, करायचं मंडळाच्या मनात आहे. कापड किती लागतं, गावातच शिवलं तर चालतं का, रंग कसा द्यायचा, ते तुम्हाला वेगळं विचारते. आत्ता उशीर झाला, सकाळी साडेसहाला उत्तरेची ओळ आहे.